फुकटातल्या वायरीचे साडेआठ हजार

ऑनलाइन गाणं शिकवणारे, पॉडकास्ट करणारे, घरून निवेदन रेकॉर्ड करणारे, अशांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘झूमवर तानपुरा ऐकू जात नाही? पंख्याचा आवाज येतो? संपूर्ण स्टुडिओ साउंड सेटअप, ओरिजिनल प्लगइन, लाइफटाइम लायसन्स.’ (प्लगइन म्हणजे आवाजावर काम करणारा, दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम.) सोबत आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकवणारा छोटा व्हिडिओ. माझे यात साडेआठ हजार गेले आणि पैशांपेक्षा मोठा ताप लॅपटॉपला झाला. नुसतं ‘सावध राहा’ म्हणून काही होत नाही. या धंद्यात अर्ध्या गोष्टी खऱ्या असतात आणि त्यांच्याच जोरावर उरलेल्या अर्ध्या खपतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अडचण समजून घ्या, कारण ती खरी आहे. मी सांगलीत गाणं शिकवते. लॉकडाऊनपासून काही विद्यार्थी ऑनलाइन आहेत, त्यातले काही दुबईत, काही न्यू जर्सीत. समोर बसून शिकवताना मिरजेचा तानपुरा असतोच, पण ऑनलाइनला मी संगणकावर तानपुऱ्याचं अॅप लावते. झूम हा तानपुरा गिळून टाकतं. जो आवाज एकसारखा, न बदलता चालू राहतो तो गोंगाट, असा त्याचा हिशेब. पंखा, फ्रिज आणि काळी चारचा तानपुरा त्याच्या लेखी एकाच जातीचे. षड्ज लावून धरला की थोड्या वेळाने माझाच आवाज तुटायला लागायचा. पलीकडून मुलगी विचारायची, “ताई, थांबलात का?”

दुसरी अडचण, झूम मायक म्हणून एकच गोष्ट घेतं. माझा आवाज मायकमधून, तानपुरा अॅपमधून आणि तबला आणखी तिसरीकडून येतो. हे सगळं एकत्र करून, ज्याची त्याची पातळी आपल्या हातात ठेवून झूमकडे पाठवायचं तर संगणकाच्या आतल्या आत एक वायर लागते. तिला व्हर्च्युअल केबल म्हणतात. एका बाजूने प्रोग्रॅम तिच्यात आवाज ओततो, दुसऱ्या बाजूने झूम तिलाच मायक समजून ऐकतं. वाटेत आवाजावर काम करायचं तर प्लगइन लागतात. खालची घरघर कापायला, फार उंच उसळणारा सूर आवरायला, थोडी गुंज द्यायला. व्हीएसटी नावाची प्लगइनची पद्धत जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणली. आज हजारो प्लगइन तिच्यावर चालतात. काही फुकट मिळतात, तर काहींची किंमत बघून आपण विंडो बंद करतो.

एवढं सगळं ऐकूनच माणूस दमतो. ‘ताई, तुम्ही काही करू नका, मी दूरून सगळं बसवून देतो’ म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो तो इथेच.

मेसेजवरच्या नंबरला फोन लावला. बोलणं गोड, मराठी स्वच्छ, यमन आणि भूप यांतला फरक माहीत असलेला माणूस. त्याने झूमवरच डेमो दिला. ‘हा बघा आधीचा आवाज.’ पंख्याची घरघर, तानपुरा येतोय जातोय. ‘आणि हा आपला प्लगइन चालू केल्यावर.’ तानपुरा अखंड, पंखा गायब, आवाज भरदार. मी खूश.

हा डेमो कसा रचला होता ते नंतर कळलं, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली शिकून घ्यायची गोष्ट हीच आहे. तानपुरा अखंड आला त्यात प्लगइनचा काही संबंध नव्हता. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ म्हणून एक सोय आहे, ती चालू केली की झूम स्वतःची काटछाट थांबवतं. संगीतासाठीचा हाय-फिडेलिटी मोड झूमने २०२० मध्येच दिला, तोही जादा पैसे न घेता. याने बोलता बोलता ते बटण दाबलं होतं. दुसरी चलाखी जुनी, रेकॉर्डिंगवाल्यांना पाठ असलेली. ‘नंतरचा’ आवाज मोठा ठेवायचा. तोच सूर थोडा मोठ्याने ऐकवला की कानाला तो जास्त गोड, जास्त जवळचा वाटतो. म्हणून कुणी प्लगइनचा डेमो देत असेल तर आधीचा आणि नंतरचा आवाज एकाच पातळीवर ऐकवायला सांगा. खरा माणूस लगेच करून दाखवतो. लबाड माणूस ‘ताई, इंटरनेट स्लो आहे’ म्हणतो.

सेटअपचे चार हजार आणि ‘ओरिजिनल बंडल’चे साडेचार हजार असा सौदा ठरला. बंडल एका नामांकित परदेशी कंपनीचं, त्यांच्या साइटवर किंमत याच्या कितीतरी पट. एवढं स्वस्त कसं, हे मी विचारलंच. त्याचं उत्तर तयार होतं, ‘सेलमध्ये घेऊन ठेवतो, ताई.’ आणि हे साफ खोटंही नव्हतं. प्लगइनच्या बाजारात नोव्हेंबरच्या ब्लॅक फ्रायडेला खरोखरच दीड-दोनशे डॉलरची वस्तू तीस डॉलरला मिळते. खरा भाव काय हे बाहेरच्या माणसाला कळणं कठीण, आणि फसवणाऱ्याला तेच हवं असतं.

पैसे यूपीआयने गेले. मग त्याने एनीडेस्क टाकायला लावलं आणि माझा लॅपटॉप तिकडून चालवायला घेतला. मधेच लाल सूचना आली, व्हायरस सापडला म्हणून. तो हसला. ‘अँटिव्हायरस सगळ्याच प्लगइनवर बोंबलतो, ताई, टेन्शन घेऊ नका.’ आणि त्याने काहीतरी भराभर दाबून सूचना बंद केली. काय दाबलं ते पुढे येईलच.

सेटअप चालला, हे मान्य करावं लागेल. काही आठवडे क्लास छान झाले. मग एके दिवशी गुंज देणारा प्लगइन लायसन्स मागायला लागला आणि क्लासच्या मध्येच त्यातून दर काही सेकंदांनी शांतता यायला लागली. त्याला फोन केला. ‘रिन्यूअल आहे, दोन हजार पाठवा.’ लाइफटाइमचं काय झालं विचारलं तर म्हणे, ‘प्लगइनचं लाइफटाइम, सर्व्हरचं नाही.’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मी थेट त्या कंपनीच्या मदत विभागाला ईमेल केला, लायसन्स क्रमांक दिला. उत्तर सभ्य होतं. हे लायसन्स दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर आहे, ते परीक्षणासाठी दिलेलं होतं, ते विकता येत नाही, आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी वापरलं गेल्यामुळे आम्ही ते बंद केलं आहे. म्हणजे मला लायसन्स मिळालंच नव्हतं. दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड मिळाला होता, आणि तोच आणखी किती जणांना विकला होता कोण जाणे.

याच सुमाराला लॅपटॉपचा पंखा घोंगावायला लागला. काही न करता ठेवला तरी खालून तापायचा. खोलीतल्या पंख्याचा आवाज घालवायला पैसे दिले आणि आता लॅपटॉपचाच पंखा मायकमध्ये! गंमत म्हणजे संगणकात काय काय चालू आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की दोन-चार सेकंदांत पंखा शांत. बंद केला की पुन्हा सुरू.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो रविवारी येऊन बसला. “मावशी, हे बघ आधी,” म्हणून त्याने साउंडची जुनी खिडकी उघडली, रेकॉर्डिंगची यादी दाखवली. त्यात त्या माणसाच्या ‘कंपनी’च्या नावाची ‘प्रो लाइन’ म्हणून एक वस्तू होती. ठळक अक्षरांतलं वरचं नाव त्याचं, पण त्याखाली बारीक अक्षरांत ‘व्हीबी-ऑडिओ व्हर्च्युअल केबल’. वरचं नाव विंडोजमध्ये कुणालाही बदलता येतं, खालचं त्याला बदलता आलं नव्हतं. ही केबल तिच्या मूळ साइटवर फुकट मिळते, वाटलं तर देणगी द्या म्हणतात. आवाज एकत्र करणारा प्रोग्रॅम म्हणजे ओबीएस स्टुडिओ, तोही फुकट. आणि पंखा घालवणारा ‘एआय प्लगइन’ निघाला रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांच्या मोफत रीप्लग्ज संचातला रीएफआयआर. त्याला आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना ऐकवायचा, मग तो तेवढा भाग आवाजातून वजा करत राहतो. उत्तम हत्यार आहे. फक्त नमुना घेताना तानपुरा चालू राहिला तर तो तानपुराच वजा करतो, हे माणसाने सांगायला हवं ना!

इथवर निदान फुकटची वस्तू विकत दिली एवढंच होतं. पुढचं वाईट होतं. भाच्याने विंडोज सिक्युरिटी उघडली, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि खाली एक्सक्लुजन्स. तिथे आख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला होता. म्हणजे या ड्राइव्हवर काहीही सापडलं तरी बघू नकोस, असा हुकूम. त्या दिवशी भराभर दाबलं होतं ते हे. एनीडेस्कमध्ये अनअटेंडेड अॅक्सेसचा पासवर्ड ठेवलेला, म्हणजे मी हो न म्हणता त्याला कधीही आत येता येत होतं. आणि बंडलच्या इन्स्टॉलरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर डिजिटल सिग्नेचर्सचा टॅबच नाही. नामांकित कंपनीच्या इन्स्टॉलरवर तिची सही असते. ही फाइल वाटेत कुणीतरी उघडून पुन्हा बांधलेली होती.

तिच्यासोबत आलेला पाहुणा लॅपटॉपचा प्रोसेसर वापरून कुणासाठी तरी क्रिप्टो चलन काढत बसला होता. हे फक्त माझ्याच नशिबी नाही. जून २०१९ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने लाउडमायनर नावाच्या अशाच प्रकाराचा तपशील जाहीर केला होता. एकाच साइटवर व्हीएसटीशी संबंधित १३७ चोरीची सॉफ्टवेअर मिळत होती, ४२ विंडोजसाठी आणि ९५ मॅकसाठी, आणि त्यांच्याबरोबर आत एक छुपा आभासी संगणक यायचा जो मोनेरो नावाचं चलन काढायचा. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटर, म्हणजे तिथला टास्क मॅनेजर, उघडला की तोही गप्प बसायचा. गाणंबजावणंवाल्यांनाच का धरलं? आपले संगणक बऱ्यापैकी ताकदीचे असतात, आणि प्लगइन चालू असताना प्रोसेसरवर ताण येणं आपण धरूनच चालतो. पंखा घोंगावला तर आपण रिव्हर्बला, म्हणजे गुंज देणाऱ्या प्लगइनला, दोष देतो.

मग काय केलं ते सांगते. आधी इंटरनेट तोडलं. बँक, ईमेल, यूपीआय सगळ्यांचे पासवर्ड फोनवरून बदलले, त्या लॅपटॉपवरून नाही. बंदिशी, विद्यार्थ्यांची रेकॉर्डिंग वगैरे फाइली बाहेर काढल्या आणि विंडोज पूर्ण पुसून नव्याने टाकलं. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेला कळवलं. तिथे यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि कंपनीचा ईमेल कामी आला. १९३० ला जितक्या लवकर फोन जाईल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. माझ्याबाबतीत लायसन्स बंद पडेपर्यंत फसवणूक झाल्याचंच कळलं नव्हतं, त्यामुळे सध्या हातात फक्त तक्रार क्रमांक आहे. जाता जाता हेही सांगते, एनीडेस्कसारखी अॅप टाकायला लावून लोकांची खाती रिकामी केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना दिला होता. त्यात अॅपचा दोष नाही, पण किल्ली कुणाच्या हातात देतोय ते बघायला हवं.

वापरलेलं लायसन्स विकत घेणं मुळात बेकायदा नाही. बऱ्याच कंपन्या ते दुसऱ्याच्या नावावर करू देतात, काही त्यासाठी शुल्क घेतात. पण त्याचा मार्ग एकच, कंपनीच्या साइटवर तुमच्या ईमेलने उघडलेल्या तुमच्या खात्यात ते लायसन्स दिसलं पाहिजे. ‘माझं लॉगिन वापरा’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. विद्यार्थी सवलतीची आणि परीक्षणाची लायसन्स सहसा हस्तांतरित होत नाहीत, त्यामुळे विकणाऱ्याकडून लायसन्सचा प्रकार लिहून घ्या आणि कंपनीला विचारा. उत्तर येईपर्यंत थांबायला काय जातं? बहुतेक कंपन्या काही दिवस फुकट वापरूही देतात.

आता माझा सेटअप असा आहे. झूममध्ये ओरिजिनल साउंड चालू. ओबीएसमध्ये मायक आणि तानपुरा वेगवेगळे, मायकवर रीप्लग्जमधला ईक्यू (आवाजाचे खालचे-वरचे भाग कमीजास्त करणारा) लावून ८० हर्ट्झच्या खालची घरघर कापलीय, थोडा कॉम्प्रेसर (उसळणारा सूर आवरणारा). ओबीएसचा मॉनिटरिंगचा आवाज केबल इनपुटला जातो आणि झूममध्ये मायक म्हणून केबल आउटपुट निवडते. नावं उलटी वाटतात, पहिल्या वेळी सगळेच गोंधळतात. विंडोज, ओबीएस आणि केबल तिन्हीकडे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ ठेवा, एकीकडे ४४.१ राहिलं तर कधी कधी आवाजात कटकट येते. मॅकवाल्यांना ब्लॅकहोल नावाची अशीच फुकट केबल मिळते. यात एक रुपयाही लागत नाही. एखाद्या जाणकाराला घरी बोलावून त्याच्या वेळेचे पैसे दिलेत तर ते मात्र जरूर द्या, ते कष्टाचं काम आहे.

त्या माणसाचा नंबर आता बंद आहे. डेमोचा तोच व्हिडिओ गेल्या आठवड्यात दुसऱ्या नंबरवरून, दुसऱ्या नावाने मला परत आला. मिरजेच्या एका मैत्रिणीने त्याच्याकडूनच सेटअप घेतला होता. तिला एक्सक्लुजन्स उघडायला सांगितलं, तर तिच्याकडेही आख्खा सी ड्राइव्ह. तुमच्याकडे कुणी असा सेटअप बसवून गेलं असेल तर आधी ते पान उघडून बघा. तसंच दिसलं तर काही पुसायच्या आधी फोटो काढा आणि मला कळवा. आम्ही दोघी मिळून पुरवणी तक्रार देतोय, त्यात तुमचाही व्यवहार क्रमांक जोडता येईल.