विट की हेफे? बिअर शॉपीतून आणलेले दोन कॅन

आमच्या पुण्यातल्या बिअर शॉपीच्या फ्रीजमध्ये आता स्ट्राँगच्या बाटल्यांशेजारी क्राफ्टवाले, म्हणजे छोट्या ब्रुअरींच्या बिअरचे, रंगीत कॅनही दिसतात, म्हणून परवा एक बेल्जियन विट बिअर आणि एक जर्मन हेफेवाइझेन (थोडक्यात हेफे) उचलली आणि घरी मित्रासोबत शेजारी शेजारी ओतून बघितली. दोन्ही गव्हाच्या, दोन्ही गढूळ, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला फरक कळणारच नाही. पण नाक ग्लासात घातलं की कळतं.

विटमध्ये चक्क धणे आणि संत्र्याची साल घालतात. हेफेत मात्र केळ्याचा नि लवंगेचा वास येतो, आणि गंमत म्हणजे त्यात केळंही नसतं न लवंगही, ते सगळं यीस्टचं काम. जर्मनीत बिअरमध्ये ठरावीक घटकच वापरायच्या १५१६ च्या कायद्याची परंपरा अजून पाळतात, म्हणून तिकडे सहसा असले मसाले टाकत नाहीत. बेल्जियमच्या हुगार्डन गावात तर विट संपलीच होती, १९६० च्या दशकात पियेर सेलिस नावाच्या दूधवाल्याने ती परत सुरू केली.

तळलेल्या बोंबलासोबत विट मस्त लागते, हलकी, किंचित आंबटसर. हेफे जरा जड, दुसऱ्या ग्लासला मला केळं नको होतं (मित्राला मात्र तीच आवडली, त्याला शिकरणही आवडतं).

एक सांगतो, कॅनवरची तारीख बघा. मागे एका दुकानातून जुना कॅन आणला होता, ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. मी पुढच्या वेळी विटच घेणार.