जुन्या गाड्यांच्या साइटला वर्डप्रेस: कुठे खेचतं, कुठे अडतं

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. या दोन्ही रस्त्यांच्या आजूबाजूला, शिरपूर-शहाद्यापासून यावल-रावेरपर्यंत, अजूनही अँबेसिडर, पद्मिनी, महिंद्राची जुनी जीप, येझदी, राजदूत कुठे जिनिंगच्या शेडमध्ये, कुठे खळ्यात उभ्या सापडतात. त्यांची माहिती मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि तिथेच मरते. पद्मिनीच्या वायरिंगची आकृती ग्रुपवर पडली, की चार दिवसांत सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. म्हणून हौसेची साइट हवी, आणि ती कशावर बांधायची याचं बहुतेकांना मिळणारं उत्तर एकच: वर्डप्रेस. हे परीक्षण त्याच एका कामापुरतं आहे. दुकानाची किंवा शाळेची साइट करणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही.

आधी एक घोळ मिटवू. वर्डप्रेस नावाच्या दोन गोष्टी आहेत. एक फुकट, मुक्त सॉफ्टवेअर, २००३ साली आलेलं. ते आपण भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे होस्टिंगवर, बसवतो. दुसरी त्याच नावाची, नावापुढे डॉट कॉम असलेली सेवा, जिथे सगळं त्यांच्याकडे राहतं आणि सोयीनुसार पैसे वाढतात. इथे बोलतोय ते पहिल्याबद्दल.

खर्च फार नाही. डॉट इन पत्ता वर्षाला साधारण हजाराच्या आत मिळतो. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव बघून हुरळू नका, नूतनीकरणाचा भाव बघा. तो दुप्पट-तिप्पट असू शकतो, वर १८ टक्के जीएसटी. सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर दुसरा होस्टिंगवाला बघा. आणि पत्ता स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट बनवून देणाऱ्या पोराने तो आपल्या नावावर घेतला आणि पोरगा पुण्याला नोकरीला गेला, की गाडी तुमची पण आरसी दुसऱ्याच्या नावावर अशी गत होते. डॉट भारत हा देवनागरी पत्ता दिसायला झकास, पण बऱ्याच ठिकाणी तो एक्सएनने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या गुंत्यात बदलून दिसतो. हौस असेल तर जोडीला घ्या, मुख्य पत्ता म्हणून नको.

आता मुद्द्याचं. वर्डप्रेस जन्माने लेख लिहायचं साधन आहे आणि नवशिके प्रत्येक गाडीचा एक लेख लिहीत सुटतात. वीस गाड्यांपर्यंत चालतं. पुढे कुणी विचारलं, ‘चाळीसगाव तालुक्यात १९७५ आधीच्या किती जीप आहेत?’, की उत्तर नाही. गाडी ही नोंद म्हणून भरायची, लेख म्हणून नाही. त्यासाठी ‘गाडी’ नावाचा वेगळा कंटेंट प्रकार करायचा आणि त्याला रकाने जोडायचे. कस्टम पोस्ट टाइप यूआय आणि अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या दोन प्लगइनवर (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअरं) हे कोड न लिहिता होतं. यातल्या दुसऱ्याचं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एक नाट्य झालं: वादातून वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतलं ते प्लगइन ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ नावाने वेगळं केलं गेलं. दोन्ही चालतात, पण कुठलं बसवलंय ते लिहून ठेवा. एकाच साइटवर दोन्ही नकोत.

रकाने कुठले? कंपनी आणि तालुका हे रकाने म्हणून न ठेवता वर्गवारी म्हणून ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबार हे वरचे, त्यांच्या पोटात पाचोरा, अमळनेर, साक्री, तळोदा असे तालुके. मग प्रत्येक तालुक्याचं पान आपोआप तयार होतं. नंबरप्लेटचा रकाना मोकळा मजकूर ठेवा. जळगाव १९, धुळे १८, नंदुरबार ३९ असा साचा घालाल, तर १९८९ च्या आधीची, एम अक्षराने सुरू होणारी जुनी तीन अक्षरी पाटी त्यात बसणारच नाही, आणि हौशी माणसाला नेमकी तीच पाटी बघायची असते.

बनावटीचं वर्ष आणि पहिल्या नोंदणीची तारीख हे दोन वेगळे रकाने. कारण केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार विंटेज ठरायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली असावी लागतात. ती तारीख ‘डेट पिकर’ प्रकारच्या रकान्यात भरली, की आतमध्ये वर्ष-महिना-दिवस असे सलग आठ अंक साठतात आणि ‘५० पूर्ण झालेल्या गाड्या’ ही यादी एका चाळणीत निघते. तिसरा महत्त्वाचा रकाना: इंजिन मूळचं की बदललेलं. आपल्याकडे पेट्रोलच्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवायची मोठी लाट येऊन गेली. विंटेज नोंदणीला चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मालकाला हे साइटवर आधी कळलं, तर नव्या नोंदणीचे २० हजार रुपये भरायच्या आधी तो विचार करील. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची नंबर-मालिका मिळते. या ओळी प्रत्येक गाडीखाली नको, एका पानावर लिहा आणि तिकडे दुवा द्या.

इथे एक खड्डा हमखास लागतो. वर्ष भरताना देवनागरी अंक टाकले, ‘१९७४’, तर नंबर प्रकारचा रकाना ते घेतच नाही. मजकूर प्रकारचा घेतो, पण क्रमवारीत रोमन अंकांतली गाडी एकीकडे आणि देवनागरीतली दुसरीकडे जाऊन बसते. साठवताना रोमन अंक, दाखवताना देवनागरी, हाच नियम. आणि नवा कंटेंट प्रकार केल्यावर गाडीचं पान उघडताना ‘सापडलं नाही’ आलं, तर घाबरू नका. पर्मालिंकच्या, म्हणजे पानांच्या पत्त्यांच्या, सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता एकदा सेव्ह दाबा.

मराठीच्या बाबतीत वर्डप्रेस बरं आहे, चांगलं नाही. भाषा मराठी निवडली, की महिन्यांची नावं, बटणं मराठीत येतात आणि पानाच्या मुळाशी भाषेची खूणही बरोबर बसते. कंट्रोल पॅनेल इंग्रजीत हवं असेल तर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये वेगळी भाषा ठेवता येते, आणि ठेवाच, कारण अडचण आल्यावर शोधायची सगळी उत्तरं इंग्रजी नावांनी सापडतात.

पत्त्यांचं मात्र वाटोळं आहे. शीर्षक मराठीत लिहिलं की पानाचा पत्ताही मराठीत बनतो. साठवताना देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रा-हलंतासकट, नऊ रोमन चिन्हांची होते, आणि जागा एकूण २०० चिन्हांची. म्हणजे बाविसेक खुणांत खेळ खलास. ‘पद्मिनीच्या कार्बोरेटरची सफाई’ याचा पत्ता ‘पद्मिनीच्या-कार्बोरेटरच’ इथे तुटतो. सफाई गेली, ‘ची’ची वेलांटीसुद्धा गेली. वर तो दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्क्यांच्या चिन्हांची तीन ओळींची माळ दिसते. उपाय सोपा: प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत लिहा. नंतर बदलाल तर आधी वाटलेले दुवे तुटण्याचा धोका.

अक्षरांकडे बहुतेक थीमवाल्यांचं, म्हणजे साइटचे तयार साचे बनवणाऱ्यांचं, लक्षच नसतं. सोबत दिलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली तर प्रत्येक फोनवर वेगळं अक्षर उमटतं. वर्डप्रेसच्या ६.५ आवृत्तीपासून फॉन्ट लायब्ररी आलीय. ब्लॉक थीम (साइट एडिटरमधून बदलता येणारी नव्या पद्धतीची थीम) असेल तर त्या लायब्ररीतून ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्या, पण जाडीचे दोनच प्रकार, साधा आणि ठळक. सगळेच घेतले तर पान जड. मराठी वळणाचे ल आणि श हवेत तर ‘टिरो देवनागरी मराठी’ उत्तम. ओळींतलं अंतर १.७ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात घुसतो. आणि शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेली थीम असेल तर ते शून्य करा. इंग्रजीत ते देखणं दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटून शब्द दात पडल्यासारखा होतो. डीटीपीवाल्याकडून आलेला श्रीलिपी किंवा कृतीदेवचा मजकूर थेट चिकटवू नका. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा.

साइटच्या आतला शोध हा सगळ्यात लंगडा भाग. तो अक्षराला अक्षर जुळवतो. तुम्ही ‘कार्ब्युरेटर’ लिहिलं आणि वाचकाने ‘कारबोरेटर’ शोधलं, तर हाती शून्य. रेलेव्हान्सी हे प्लगइन बसवून समानार्थी शब्दांची यादी भरा: कार्ब्युरेटर, कार्बोरेटर, कारबोरेटर, अँबेसिडर, अम्बॅसॅडर, टॅपेट, टप्पेट. मिस्त्री बोलतात तसे शब्द यादीत हवेतच, तेच शोधले जातात.

फोटो हा या साइटचा जीव आणि तिला ठप्प करणाराही तोच. फोनचा १२ मेगापिक्सेल फोटो साधारण ४००० बाय ३००० चा, ३ ते ५ एमबीचा. वर्डप्रेस त्याच्या लहान-मोठ्या प्रती बनवतं, मूळ धरून एकेका फोटोच्या आठेक फायली होतात. शंभर गाड्या, प्रत्येकी बारा फोटो, म्हणजे साडेनऊ हजारांवर फायली. स्वस्त होस्टिंगवर जागेआधी फायलींच्या संख्येची मर्यादा आडवी येते. चढवण्याआधीच फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा, वेबपी या हलक्या फाइल प्रकारात, ८० दर्जाला करा. २००-३५० केबीत काम होतं आणि धडगावकडे रेंजचा एकच दांडा असला तरी पान उघडतं.

त्याहून महत्त्वाचं, फोटोत लपलेलं ठिकाण. फोन फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहितो, आणि मूळ फाइल वर्डप्रेस जशीच्या तशी ठेवतं. खळ्यात एकटी उभी असलेली जीप, कुलूप नाही, राखणदार नाही, आणि तिचा नेमका पत्ता तुम्ही जगाला दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने आलेल्या फोटोत ठिकाण नसतं, पण तो दाबून बारीक केलेला असतो. म्हणून मालकाला सांगावं, ‘आप्पा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’, म्हणजे दर्जा राहतो, आणि आपण चढवण्याआधी ठिकाण पुसावं. चेसिस आणि इंजिन नंबरच्या पाटीचा फोटो घ्या, पण शेवटचे आकडे झाका.

मजकुराचं पान कसं असावं याचा एक नमुना. खान्देशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि जुन्या पेट्रोल गाड्या सिग्नलला गप्प होतात. पानाचं शीर्षक ‘वेपर लॉक’ ठेवलं तर कुणी येणार नाही. ‘उन्हात गाडी बंद पडते, थंड झाल्यावर सुरू होते’ असं ठेवा, लोक तेच टाइप करतात. मग लक्षण, मग कारण, इंजिनाला चिकटलेला यांत्रिक पंप तापतो, नळीतलं पेट्रोल वाफ होतं, पंप वाफ ओढू शकत नाही, मग तात्पुरता उपाय, ओलं फडकं पंपावर टाकून १५-२० मिनिटं थांबणं, मग कायमचा, पंप आणि इंजिनामधली उष्णता अडवणारी जाड पॅकिंग जागेवर आहे का बघणं, नळी सायलेन्सरच्या बाजूने गेली असेल तर हलवणं. त्याच पानावर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रबरी नळी फुगते, चिरते, म्हणून ती इथेनॉल सोसणारी बदला, एवढी एक ओळ. मापांचा तक्ता तीन स्तंभांपेक्षा रुंद करू नका, मोबाइलवर पान आडवं सरकायला लागतं.

बिघाडांबद्दल थोडक्यात. अपडेटनंतर पांढरा पडदा आला तर दहापैकी नऊ वेळा दोषी प्लगइन. फाइल मॅनेजरमधून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, साइट उठते. मोठा बिघाड झाला की वर्डप्रेस अ‍ॅडमिनच्या ईमेलवर दुरुस्तीचा दुवा पाठवतं, म्हणून तिथे रोज उघडला जाणारा ईमेल द्या. संपर्काच्या फॉर्मचे मेल पोचत नसतील तर खऱ्या मेल खात्यातून मेल पाठवणारं एसएमटीपी प्लगइन लावा. चोरून फुकट मिळणारी ‘प्रीमियम’ थीम नको. तिच्यात काय भरलंय ते नंतर कळतं, तोवर साइट जुगाराच्या जाहिराती दाखवायला लागलेली असते. ओढून-सोडून पान बनवणारे बिल्डर या कामाला लागतच नाहीत, उगाच कॅरियरवर पोती. बॅकअप अपड्राफ्टप्लस या प्लगइनने गूगल ड्राइव्हवर, डेटाबेस रोज, फोटो आठवड्याला. १५ जीबी फुकट जागेत हे बसतं. पण एकदा तो बॅकअप दुसरीकडे परत चढवून बघाच. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली तर डेटाबेसचं कॅरेक्टर सेट चुकलंय. यूटीएफ८एमबी४ ठेवा आणि पुन्हा चढवा.

कुणी घेऊ नये? ज्याच्याकडे पाच-सात गाड्या आणि दहा लेख एवढंच आहे आणि महिन्यातून एकदाही अपडेट दाबायची तयारी नाही, त्याने गूगलचं ब्लॉगर घ्यावं. फुकट आहे, सांभाळ नाही, रकाने मात्र विसरा. पन्नासच्या पुढे गाड्या नोंदवायच्या आहेत, मालकांच्या कागदांवरून तारखा काढायच्या आहेत, त्याने वर्डप्रेसच घ्यावं, आणि पहिली गाडी भरण्याआधी रकान्यांची यादी कागदावर काढावी. पन्नास गाड्या भरून झाल्यावर रकाना वाढवला, की पन्नास मालकांना पुन्हा फोन लावावे लागतात.