परिशिष्ट कोरं ठेवून सही मागणारं ‘लेबल’

घरी बसून बीट बनवणाऱ्या आणि लॅपटॉपवरचं गाणं इन्स्टाग्रामवर टाकून कुणी ऐकतंय का ते बघणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. मोठ्या कंपन्यांशी करार करणाऱ्यांकडे वकील असतात, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

एका लेबलकडून, म्हणजे गाणी बाजारात आणणाऱ्या कंपनीकडून, मला आलेला पहिला मेसेज साध्या, नीट मराठीत होता. “दादा, संबळ आत येतो तिथे काय ड्रॉप घेतलायस! लेबलवर घ्यायचाय हा ट्रॅक.” फसवणारे लोक सगळ्यांना एकच मजकूर पाठवतात असं आपण धरून चालतो. हा माणूस ट्रॅक खरंच कान देऊन ऐकून आला होता. बेस कुठे मागे ओढलाय, व्होकल चॉप कुठे उलटा लावलाय, सगळं त्याने बिनचूक सांगितलं. समोरच्याला संगीत कळतं, यावरून त्याच्या व्यवहाराबद्दल काहीही ठरत नाही.

ट्रॅक हाउसचा, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका प्रकारातला, १२४ बीपीएमचा (मिनिटाला १२४ ठोके). त्यातला संबळ कुठल्या सॅम्पल पॅकमधला, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार आवाजांच्या संचातला, नव्हता. जेजुरीकडचे एक गोंधळी मामा पुण्यात धायरीच्या माझ्या खोलीत येऊन वाजवून गेले होते. भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून रेकॉर्ड केलं. लेबलवाल्याला हवं होतं ते नेमकं हेच, आणि ते मला फार उशिरा कळलं. हाउसचा किक ड्रम जगात कुणाकडेही मिळतो. असा संबळ मिळत नाही.

लेबलचं ऑफिस मुंबईत ओशिवऱ्याला होतं. एसी, भिंतीवर फ्रेम केलेल्या डिस्क, बाहेर बाकड्यावर बसलेले दोन-तीन गायक. त्याने जे समजावलं त्यातलं बरंचसं खरं होतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याला रॉयल्टी सुरूच होत नाही. हा नियम सांगून तो म्हणाला, “बघ, नवीन माणसाला प्रमोशनशिवाय रस्ताच नाही.” मग पॅकेज निघालं. ३५,००० रुपये अधिक जीएसटी, त्यात ‘एडिटोरियल प्लेलिस्टची गॅरंटी’, म्हणजे स्पॉटिफायची माणसं निवडून लावतात त्या गाण्यांच्या यादीत जागा.

इथेच थांबा. स्पॉटिफायच्या स्वतःच्या एडिटोरियल प्लेलिस्टमध्ये पैसे देऊन कुणालाही जागा मिळत नाही. गाणं रिलीज होण्याच्या किमान ७ दिवस आधी ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मधून तुम्ही स्वतः ते सुचवू शकता, तेही फुकट. घ्यायचं की नाही ते त्यांचे लोक ठरवतात. म्हणजे गॅरंटी देणारा एकतर खोटं बोलतोय, नाहीतर त्याच्या प्लेलिस्ट भलत्याच आहेत. आणि बिलावर जीएसटी नंबर छापलेला असला की आपल्याला बरं वाटतं, पण तो नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणालाही फुकट तपासता येतो. माझ्या बिलावरचा नंबर हार्डवेअरच्या एका दुकानाचा निघाला.

रिलीजनंतर आकडे चढले. घरी पेढे वाटून झाले. डॅशबोर्ड उघडून शहरं बघितली तर सगळ्यात वर हेलसिंकी, त्याखाली फ्रँकफर्ट. पुण्याचा पत्ता नाही. रोजचा आकडा जवळपास तेवढाच, शनिवार-रविवार असो वा सोमवार. गाणं सेव्ह करणारं कुणी नाही, नवा फॉलोअर नाही. स्ट्रीम मोजली जाते ती ३० सेकंद वाजल्यावर, आणि हे श्रोते ३० सेकंदांच्या थोडं पुढे जाऊन गायब होत होते. माणसं अशी गाणी ऐकत नाहीत.

हे प्रकरण स्ट्रीमिंग कंपन्या हलक्यात घेत नाहीत, कारण रॉयल्टीचा पैसा एका मोठ्या गंगाजळीतून स्ट्रीमच्या प्रमाणात वाटला जातो. बॉटने, म्हणजे आपोआप गाणी वाजवत राहणाऱ्या प्रोग्रामने, ओढलेला वाटा दुसऱ्या कुणा खऱ्या कलाकाराच्या खिशातून जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका माणसावर आरोप ठेवले गेले ते याच कारणाने. एआयने बनवलेली ढीगभर गाणी बॉटकडून वाजवून त्याने १ कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी उकळली, असं सरकारी वकिलांचं म्हणणं. उघड बनावट स्ट्रीम सापडल्या तर स्पॉटिफाय २०२४ पासून त्या गाण्यामागे डिस्ट्रिब्युटरकडून (गाणं ॲप्सपर्यंत पोचवणारी मधली कंपनी) दंड घेतं, आणि बरेच डिस्ट्रिब्युटर तो कलाकाराच्या खात्यातून वळता करतात. माझा ट्रॅक उतरवला गेला, दंड माझ्या नावावर पडला. लेबलवाला फोनवर म्हणाला, “टेक्निकल इश्यू आहे भाऊ, परत टाकू.”

पस्तीस हजारांचं दुःख झालं, पण तो या धंद्यातला किरकोळ भाग आहे. खरा माल कागदात होता.

लोक म्हणतात, सही करण्याआधी वाचायचं ना! वाचलं होतं. बहिणीला इंग्रजी चांगलं येतं, तिनेही वाचलं. करारात डिस्ट्रिब्युशनच्या साध्या अटी होत्या आणि मधोमध एक ओळ: हक्क आणि श्रेयाचा तपशील ‘परिशिष्ट अ’प्रमाणे. परिशिष्ट कोरं होतं. “ते मेटाडेटाचं शीट असतं, आयएसआरसी नंबर आला की भरतो,” असं सांगून ई-सही घेतली. आयएसआरसी म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक, आणि मेटाडेटा म्हणजे गाण्याची नावनिशी. नंतर ते भरलं गेलं. निर्माता, त्यांची कंपनी. संगीतकार, मी कधी न पाहिलेला एक माणूस. मी फक्त ‘प्रोग्रामिंग’. हक्क कायमचे, साऱ्या विश्वासाठी. हो, करारात खरंच विश्व असतं, मंगळावर गाणं वाजलं तरी पैसे त्यांचेच. मामांचं नाव कुठेच नाही.

आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता हा त्याचा निर्माता मानला जातो, म्हणजे रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. रात्र-रात्र जागून ट्रॅक बांधणाऱ्याला आपण प्रोड्यूसर म्हणतो, पण कागदावर त्या रकान्यात कंपनीचं नाव बसलं की मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा हक्क, त्यांचा. हिंदी सिनेसंगीतात ‘म्युझिक प्रोग्रामर’ म्हणून कितीतरी लोकांनी अर्धं गाणं उभं केलंय आणि नाव मात्र दुसऱ्याचं लागलंय, ती जुनीच वहिवाट आता बेडरूम स्टुडिओपर्यंत आलीय.

मधल्या काळात ‘डॉल्बी ॲटमॉस मिक्स करायचंय’ म्हणून त्यांनी स्टेम्स मागून घेतल्या होत्या, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल. काही महिन्यांनी मामांचा संबळ एका दुसऱ्याच गाण्यात वाजला. वर गायिका, खाली माझीच बेसलाइन, संगीतकार तोच अनोळखी. आणि मी यूट्यूबवर माझ्याच चॅनलवर टाकलेल्या मूळ व्हिडिओवर कॉन्टेंट आयडीचा (नोंदवलेलं संगीत आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम आला की यातलं संगीत अमुक कंपनीच्या मालकीचं आहे. ट्रॅकमध्ये मी एक रेडीमेड हाय-हॅट लूप वापरला होता. सॅम्पल पॅकमधला असा लूप हजारो लोक वापरतात, त्यामुळे कॉन्टेंट आयडीत त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. त्यांनी अख्खा ट्रॅक नोंदवल्याने तोच लूप वापरणाऱ्या परक्या पोरांनाही क्लेम गेले आणि मला शिव्या आल्या.

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मुळाशीच अशी एक गोष्ट आहे. १९६९ साली द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने काही सेकंदांचा तुकडा वाजवला. पुढे जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकारच त्या तुकड्यावर उभे राहिले, तो हजारो ट्रॅकमध्ये वापरला गेला. कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत वारला, त्या तुकड्याची रॉयल्टी त्याला कधी मिळाली नाही. तिथे निदान कुणी एक माणूस ठरवून लुटायला बसला नव्हता.

पोलीस चौकीत “ही दिवाणी बाब आहे” हे ऐकायची तयारी ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तासांचा फरक पडतो. मी फोन केला तोवर खातं रिकामं झालं होतं. कागदाच्या बाबतीत मात्र कायदा अगदीच पांगळा नाही, हे शिवाजीनगर कोर्टातल्या वकीलबाईंनी समजावलं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या संगीताच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला सोडूनच देता येत नाही, फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) देता येतो. तसं लिहून घेतलेला करार तेवढ्यापुरता रद्दबातल. कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी ‘हे माझं काम आहे’ म्हणायचा अधिकार उरतो. करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. माझ्या परिशिष्टात दोन्ही लिहिलेलं होतं, एवढं त्यांना माहीत होतं.

ज्यांची सही आधीच झालीय त्यांनी रागाच्या भरात काही डिलीट करू नका. प्रोजेक्ट फाइल, तिच्या जुन्या आवृत्त्या, रेकॉर्डिंगच्या मूळ वेव्ह फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवलेले कच्चे डेमो, या सगळ्यांवरच्या तारखा हाच आपला पुरावा. ई-सहीच्या मेलमध्ये पीडीएफ कोणत्या वेळी कशी होती त्याची नोंद असते. माझं परिशिष्ट सहीनंतर बदललं हे त्यातूनच दिसतंय. यूट्यूबच्या क्लेमवर हरकत घ्या, समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. माझ्या पहिल्या हरकतीवर त्यांनी उत्तरच दिलं नाही आणि क्लेम सुटला. दुसऱ्या गाण्याची लढाई चालू आहे. संगीतकार म्हणून आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सदस्यत्व घेऊन माझी बाकीची गाणी तिथे नोंदवलीत. मामांबरोबर एका पानाचं स्प्लिट शीट, म्हणजे कुणाचा किती वाटा त्याचा कागद, मराठीत केलंय, टक्के अक्षरी लिहून, दोघांच्या सह्या घेऊन. त्यात एकही रकाना रिकामा नाही.