‘साइझ तोच आहे’ म्हणून टेम्पोला कारचे टायर बसवले

कळव्यात राहतो. धाकटा भाऊ आणि मी मिळून एक छोटा टेम्पो चालवतो. पहाटे तुर्भ्याच्या एपीएमसीतून कांदा-बटाटा भरायचा आणि ठाण्यात जांभळी नाक्यावर उतरवायचा, हे आमचं पोट. टेम्पोवाल्यांनी हे नीट वाचा, कारण आमचा भाऊ थोडक्यात वाचला.

गाडीला कंपनीकडून १८५ आर १४ एलटी ८ पीआर टायर होते. मागचे दोन गुळगुळीत झाले म्हणून शिळफाट्याकडच्या एका दुकानात गेलो. दोन्ही मिळून ७,६०० सांगितले, बाकीच्यांपेक्षा अडीच हजार कमी. टायरवर १८५/७० आर १४ लिहिलेलं मी पाहिलं आणि विचारलंही, की यावर एलटी कुठे आहे? दुकानदार म्हणाला, “दादा, १८५ आहे, १४ आहे, साइझ तोच. एलटी वगैरे कंपनीची नावं असतात.” दहा वर्षं गाडी चालवतोय, तरी मी मान डोलावली. बिलावर त्याने ‘टायर १४, २ नग’ एवढंच लिहिलं. पैसे मोबाइलवरून दिले.

पहिल्याच आठवड्यात भाऊ म्हणाला, गाडी मागे बसल्यासारखी वाटते आणि मीटरवर किलोमीटर जास्त पडतायत. मी म्हटलं, नवीन टायर आहेत, बसतील जागेवर. ती माझी चूक.

दीड महिन्याने, पहाटे सव्वाचारला, ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्याजवळ मागचा डावा फुटला. चोवीस गोणी भरल्या होत्या, बाराशे किलो. गाडी एका बाजूला ओढली गेली, भावाने स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, मागून कंटेनर येत होता. कांदे रस्ताभर. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

पंक्चरवाल्याने टायर उतरवला, बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, “कारचा टायर कोणी बसवला?” मग मला खाली बसवून बाजूवरचा एकेक आकडा दाखवला.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १४ म्हणजे रिमचे इंच. पण ७० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के. आमच्या मूळ टायरवर तो आकडाच नाही, आणि आकडा नसेल तर उंची साधारण ८२ टक्के धरतात. म्हणजे मूळ चाक सुमारे ६५० मिलिमीटर उंच, हे जेमतेम ६१५. म्हणूनच गाडी मागे बसली होती आणि चाक जास्त फिरून किलोमीटर जास्त पडत होते. फिटिंग अगदी बरोबर बसलं, कारण रिमचे इंच तेच.

खरा घात पुढच्या आकड्यात. याच्यावर ८८ होतं. तो वजनाचा सांकेतिक अंक, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. मूळ टायरवर १०२/१०० असतं, एकेरी चाकाला ८५० किलो आणि जोडचाकाला ८०० किलो. भरलेल्या गाडीच्या मागच्या एक्सलवर दीड टन येतं, म्हणजे चाकामागे साडेसातशे. रोज एवढा बोजा त्या टायरवर. शिवाय सवयीने आम्ही ६५ पौंड हवा भरत होतो. ८ पीआरला ती चालते, या टायरवर कमाल ४४ छापलं होतं. पीआर म्हणजे टायरची ताकद. एलटी हे कंपनीचं नाव नाही, ते म्हणजे लाइट ट्रक, हलक्या मालवाहू गाडीचा टायर. त्याऐवजी काही टायरांवर आकड्याशेवटी ‘सी’ असतो, तोही मालवाहूच. आयएसआय खुणेच्या वरचा क्रमांकही बघा: कारला १५६३३, मालवाहू गाडीला १५६३६.

अजून एक. बनावटीची तारीख टायरच्या एकाच बाजूला पूर्ण असते, आणि दुकानदाराने ती बाजू आत घालून बसवली होती. चार आकडे होते, २३१९. म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं जुना माल ‘नवीन’ म्हणून दिला होता. हे त्याला माहीत नव्हतं, असं मला कोणी सांगू नये.

दुकानात गेलो तर म्हणाला, जास्त माल भरला असेल. बिल दाखवलं तर म्हणाला, यात साइझ कुठे लिहिलाय? म्हणून सांगतो, कच्चं बिल घेऊ नका. पूर्ण साइझ, वजनाचा अंक, पीआर आणि तारखेचे चार आकडे बिलावर लिहून घ्या. टायर रिमवर चढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आपल्या गाडीचा साइझ ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो, तो मोबाइलमध्ये ठेवा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. धंद्याची गाडी असली तरी स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवणाऱ्याला ग्राहक कायद्यात दाद मागता येते, हे मला तेव्हाच कळलं. फुटलेला टायर आणि त्याचा जोडीदार, दोन्ही जिन्याखाली ठेवलेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला, दिले नाहीत.