दुसरी बॅटरी कुठे बसवायची: बॉनेटखाली, डिकीत की पिकअपच्या हौद्यात?

फ्रिज, कॅम्पचे दिवे, हवा भरायचा कॉम्प्रेसर, कॅमेऱ्यांचं चार्जिंग, एवढा संसार फोर बाय फोरमध्ये आला की दुसऱ्या बॅटरीचा विषय निघतोच. चर्चा बहुतेक वेळा अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता) आणि ब्रँडवर अडकते, पण आधी ठरवायची ती जागा. जागा ठरली की बॅटरीचा प्रकार, चार्जर आणि केबलची जाडी त्यामागून ठरत जाते. उलट क्रमाने गेलात तर आधीच घेतलेली बॅटरी मावेल तिथे कोंबावी लागते, आणि खराब रस्त्यावर नेमकी तीच सुटते.

जागा निवडण्याआधी वजनाचा हिशोब करा. 100 अँपिअर-अवरची एजीएम (शिसे-आम्लाचीच, पण सीलबंद) बॅटरी साधारण 30 किलोची, तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसती लिथियम) 11 ते 13 किलोची. चाक खड्ड्यात आदळून 3 जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट, झटका बसला तर एजीएम क्षणभर 90 किलोच्या ताकदीने ट्रेला ओढते. समोरासमोरच्या धडकेत 20 जी धरले तर ती ताकद 600 किलो होते, लिथियमची साधारण 240. यात बोल्ट सहसा तुटत नाही. 8.8 ग्रेडचा एम8 बोल्ट सुमारे 2 टनांचा ताण झेलतो. फाटतो तो पत्रा, कारण फ्लोअरचा पत्रा जेमतेम 0.7 ते 1 मिमी जाड असतो. म्हणून फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न विचारायचा तो ट्रेच्या जाडीचा नाही. बोल्टच्या खाली, पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला काय लावणार, हा.

बॉनेटखाली

फायदा सरळ आहे: केबल मीटरभरात संपते, सामानाची जागा शाबूत राहते, आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं विजेचं रहाट) असेल तर तिला लागणारे शेकडो अँपिअर जवळून मिळतात. अडचण उष्णतेची. उन्हाळ्यात लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या सर्वांत हळू, जोरकस गिअरमध्ये) रांगत चढ चढताना इंजिनाशेजारची हवा 70-80 अंशांवर जाते. लिथियमची चार्जिंगची मर्यादा साधारण 45 अंश आणि डिस्चार्जची 60, त्यामुळे ती इथे बाद. शिसे-आम्लाची बॅटरी टिकते, पण तापमान सरासरी 10 अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. एक्झॉस्टच्या बाजूला बसवायचीच असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा हवा.

दुसरी अडचण मापाची. एन70 आकाराची बॅटरी 306 × 173 × 225 मिमी. लहान बॉनेटच्या गाडीत तेवढी मोकळी जागा क्वचित मिळते, मग लोक 40 अँपिअर-अवरवर येतात. शिसे-आम्लातली निम्मीच क्षमता वापरायची असते, म्हणजे हाती 20. चाळीसेक लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या उन्हाळ्यात दिवसाला 30 ते 45 खातो. रात्र कशीबशी निघेल, दुसरा दिवस निघणार नाही.

बसवताना सर्रास होणारी चूक म्हणजे बाजूच्या उभ्या पत्र्यावर दोन बोल्ट मारून ट्रे लोंबकळता ठेवणं. काही हजार किलोमीटरांत स्पॉट वेल्डभोवती बारीक चीर दिसू लागते, आधी रंगात आणि मग पत्र्यात. किमान तीन ठिकाणी आधार हवा, तोही दोन वेगळ्या प्रतलांत, आणि शक्यतो कंपनीच्याच छिद्रांवर. मात्र एक आधार चासीवर आणि दोन बॉडीवर असं करू नका. थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर या सगळ्या लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या चासीच्या गाड्या आहेत. बॉडी चासीवर रबरी माउंटवर बसलेली असते आणि दोघी वेगवेगळ्या हलतात. दोघींना बांधलेला ट्रे तुटणारच. तिन्ही आधार बॉडीवरच घ्या.

बॉनेट आणि टर्मिनलमधलं अंतर डोळ्यांनी कळत नाही. दोन्ही टर्मिनलवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट हळू बंद करून उघडा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. 20 मिमीपेक्षा कमी आली तर ट्रे खाली घ्या. पॉझिटिव्हवर रबरी टोपी हवीच, शिवाय वरच्या क्लॅम्पची पट्टी सरकली तरी टर्मिनलला टेकणार नाही अशी बसवा.

विंच नियमित वापरात असेल आणि फ्रिज नसेल, तर ही जागा योग्य. फ्रिजसाठी नाही.

डिकीत, मागच्या सीटमागे

बंद एसयूव्ही आणि फ्रिज असलेल्या बहुतेकांनी हीच जागा घ्यावी, आणि बॅटरी लिथियम घ्यावी. 100 अँपिअर-अवरमधले 80 निर्धास्त वापरता येतात, वजन निम्म्याहून कमी, आणि केबिनमध्ये वायू सोडण्याचा प्रश्न नाही. पाणी घालायची साधी बॅटरी केबिनमध्ये कधीच ठेवू नये. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि गाडी कलंडली तर आम्ल सांडते. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनाही केबिनचा फायदा आहे, कारण शून्याखाली लिथियम चार्ज करायची नसते आणि केबिन लवकर गरम होते. उन्हाळ्यात मात्र बंद गाडीत थेट काचेखाली ठेवू नका.

ट्रेला 25 × 25 × 3 मिमीचा एमएस (साध्या लोखंडाचा) अँगल पुरतो. फ्लोअरला चार एम8 बोल्ट. खाली नुसता 24 मिमीचा वायसर लावला तर जोर सुमारे 450 चौ. मिमी पत्र्यावर येतो. 50 × 50 × 3 मिमीची पट्टी लावली तर 2,500 वर. दोन बोल्ट जोडणारी सलग पट्टी त्याहून चांगली. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) वापरा आणि एम8ला 25 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा. पातळ पत्र्यातल्या रिव्हेट-नटवर (छिद्रात दाबून बसवलेल्या आट्याच्या नटवर) सगळा भार टाकू नका, धडकेत तो पत्र्यासकट उपटून येतो. सीटबेल्टच्या अँकर बोल्टलाही हात लावू नका.

ड्रिल लावण्याआधी गाडीखाली शिरून इंधनटाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग कुठून जातं ते बघा. छिद्राच्या कडेला झिंक प्रायमर, मग पीयू सीलंट. कोकणातल्या एका पावसाळ्यात उघड्या कडेला गंज धरतो.

वरचा क्लॅम्प बॅटरी हाताने हलेनाशी होईपर्यंतच आवळायचा. त्यापुढे गेलात तर केसला चीर जाते. खाली आणि क्लॅम्पखाली 3 मिमी रबर टाका. बाजारातला प्लास्टिकचा बॅटरी बॉक्स प्लायवर स्क्रूने मारून वरून पट्टा आवळणं, ही बांधणी सर्वांत जास्त दिसते आणि सर्वांत लवकर सैल होते.

लांब केबल ही या जागेची किंमत. 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारा) इनपुटला 38-40 अँपिअर ओढतो. 5 मीटर केबल 10 चौ. मिमीची असेल तर पॉझिटिव्हमध्येच 0.33 ते 0.35 व्होल्ट जातात, 16 चौ. मिमीत 0.22च्या आत. 16 घ्या आणि फ्यूज 60चा ठेवा, दोन्ही बॅटऱ्यांजवळ, टर्मिनलपासून 20-30 सेंमीच्या आत. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट विसरलात तर घासून उघडी पडलेली केबल थेट बॉडीला टेकते.

पिकअपचा हौदा

व्ही-क्रॉस किंवा हायलक्स असेल तर जागेची ददात नाही, पण धूळ-पाण्याची आहे. पुढच्या भिंतीला लागून बसवा. मागच्या कोपऱ्यात आदळआपट सर्वाधिक असते. हौद्याचा पत्रा नागमोडी असतो; बोल्ट खोलगट भागात घ्या आणि उंचवट्यांखालची पोकळी भरून काढा, नाहीतर आवळताना पत्रा चेपतो आणि आठवड्यात बोल्ट ढिला होतो. केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात, म्हणून मधल्या केबलला 10-15 सेंमीची सैल कमान द्या. बॉक्स पाणीबंद असू दे, पण चार्जर त्याच्या बाहेर, हवेत ठेवा. आत कोंडला तर तापून स्वतःच करंट कमी करतो.

गाडीच्या पोटाखाली बॅटरी नकोच. दगड, चिखल आणि ओढ्याचं पाणी तिथेच लागतं. वर्षातून दोन-तीन वीकेंडच जात असाल तर 500 वॉट-अवरचा पोर्टेबल पॉवर स्टेशन पुरतो. तोही हुकांना बांधा, धडकेत सुटी वस्तू तीच.

चार्जिंगबद्दल एवढंच

जुन्या गाडीचा अल्टरनेटर सतत 13.8 ते 14.4 व्होल्ट देतो, तिथे दोन शिसे-आम्ल बॅटऱ्यांना साधा व्होल्टेज रिले (व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) चालतो. बीएस6 गाड्यांतले अनेक अल्टरनेटर पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतात, मग रिले सुटतो आणि मागची बॅटरी दिवसभर गाडी चालवूनही अर्धीच राहते. तिथे डीसी-डीसी चार्जर लागतो. लिथियमला तो कुठल्याही गाडीत लागतो, कारण रिलेवर रिकामी लिथियम एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. मूळ बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट सेन्सर असेल तर नवी अर्थ वायर त्या टर्मिनलवर नको, गाडीच्या मूळ अर्थ पॉइंटवर घ्या. नाहीतर बॅटरी किती भरली याचा गाडीचा हिशोब चुकतो.

विम्यात कंपनीने न दिलेल्या विद्युत उपकरणांची वेगळी नोंद करता येते, बिल जपून ती करून घ्या. प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची रेघ मारून ठेवा आणि पहिल्या 500 किलोमीटरनंतर बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.