टेम्पररी ब्रिजसाठी गन की पावडर-लिक्विड?

आमच्या एका ज्युनिअरचा परवा फोन आला, सर नवीन क्लिनिक टाकतोय, टेम्पररीसाठी गन घेऊ का तुमच्यासारखं पावडर-लिक्विडच ठेवू? "तुमच्यासारखं" म्हणताना आवाजात जी थोडी दया होती ती मला ऐकू आली बरं का. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहून काढतोय. टेम्पररी म्हणजे कायमची कॅप किंवा ब्रिज येईपर्यंत कोरलेल्या दातावर बसवायचं तात्पुरतं आवरण; गनमधून येतं ते आपोआप मिसळलेलं बिस-अ‍ॅक्रिल रेझिन, आणि पावडर-लिक्विड म्हणजे हाताने कालवायचं अ‍ॅक्रिल, पीएमएमए. दोन्ही वापरून झालंय, मधली चार-पाच वर्षं तर मी फक्त बिस-अ‍ॅक्रिलवरच होतो, पावडरची बाटली कपाटात धूळ खात पडली होती.

सिंगल कॅपचा विषय पटकन संपवतो. एकच दात आहे, दोन-तीन आठवड्यांत पर्मनंट येणार आहे, तर डोकं लावू नका, गन घ्या. वास नाही, फारसं तापत नाही, आकसतं कमी त्यामुळे मार्जिन, म्हणजे कॅपची कड, पहिल्या फटक्यात बसतं, आणि असिस्टंटला शिकवायला एक दुपार पुरते. टिपमध्ये दरवेळी थोडा माल वाया जातो, ते चालतं. फक्त खाली नुकताच केलेला कंपोझिट कोअर (तुटक्या दातावर रेझिनने बांधलेला गाभा) असेल तर आधी व्हॅसलिन किंवा ग्लिसरीनचा हात फिरवा, नाहीतर टेम्पररी कोअरलाच चिकटते आणि मग ती बरने कापून काढताना आपण कोअर कापतोय का टेम्पररी हे कळत नाही. मला हे दोनदा घडल्यावर कळलं.

पण ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पडलेल्या दाताची जागा भरणारं जोडकाम, आला की गोष्ट बदलते. स्पॅन (आधाराच्या दातांमधलं अंतर) दुप्पट झाला की वाकणं आठपट, तिप्पट झाला की सत्तावीसपट, आणि कनेक्टरची (ब्रिजमधल्या दोन दातांना जोडणाऱ्या भागाची) उंची निम्मी केली तरी परत आठपटच, हे आपण सगळ्यांनी परीक्षेला पाठ केलेलं असतं पण ते मेटलच्या ब्रिजसाठी असतं असं मनात कुठेतरी धरून बसतो. टेम्पररीला तोच नियम लागतो आणि तिथे मटेरियल कितीतरी कच्चं असतं. आता कागदावर बघाल तर फ्लेक्झरल स्ट्रेंग्थचा, म्हणजे वाकवताना न मोडता सोसण्याच्या ताकदीचा आकडा बहुतेक वेळा बिस-अ‍ॅक्रिलचाच वर दिसेल, हाताने कालवलेल्या पीएमएमएपेक्षा, ते मी नाकारत नाही. पण ते कडक आहे आणि ठिसूळ आहे, जरा वाकायची वेळ आली की सरळ कडकन जातं. पीएमएमए थोडं लवतं, कुरकुरतं, पण टिकून राहतं, निदान माझ्या पेशंटांच्या तोंडात तरी.

बरं, तुटण्याबद्दलही माझी एवढी तक्रार नाही, टेम्पररी आहे, तुटणारच. माझं डोकं फिरलं ते दुरुस्तीवरून. एक पेशंट होते, खालचा ब्रिज, दोन पॉन्टिक (पडलेल्या दातांच्या जागचे खोटे दात), इम्प्लांटचं काम चालू असल्यामुळे टेम्पररी तीनेक महिने राहणार होती. पाचव्या आठवड्यात टिश्यूत गुंडाळलेले दोन तुकडे घेऊन आले आणि काही न बोलता ट्रेवर ठेवले. तुटलेली कड काचेसारखी स्वच्छ, आणि बरोब्बर मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा, म्हणजे गनने भरताना माझीच टिप मालाच्या वर आली असणार. मग रीतसर सगळं केलं, कडा रफ केल्या, खाचा मारल्या, बाँड लावला, फ्लोएबल (पातळ कंपोझिट) भरलं, लाइट मारला, पॉलिश केलं. दिसायला इतकं सुंदर झालं की मीच दोनदा आरशात दाखवलं. चौथ्या दिवशी परत टिश्यू, परत तेच दोन तुकडे, त्याच रेषेवर. माझं फ्लोएबल एका तुकड्यावरून सोललेल्या सालीसारखं अख्खं सुटून आलं होतं. बिस-अ‍ॅक्रिल एकदा तोंडात जुनं झालं की नव्या रेझिनला धरून ठेवायला त्याच्याकडे फारसं काही उरत नाही, तुम्ही केलेल्या खाचांवर सगळा भार. पेशंट चांगले होते म्हणून काही बोलले नाहीत, ते न बोलणं जास्त लागलं.

त्या दिवशी कपाटातली बाटली काढली. नवी टेम्पररी पावडर-लिक्विडची केली आणि तीही दोनेक महिन्यांनी एकदा तडकली, खोटं कशाला बोलू. पण तेव्हा काय केलं, तडा व्हीसारखा मोकळा केला, कडांना मोनोमर, म्हणजे तेच लिक्विड, लावून ओलं केलं, ब्रशचं टोक लिक्विडमध्ये बुडवून पावडरला टेकवलं की टोकावर जो ओला मणी जमतो तो तड्यात सोडला, असे सात-आठ मणी, मग कोमट पाण्यात ठेवून दिलं. मोनोमर जुन्या अ‍ॅक्रिलच्या पृष्ठभागात मुरतो आणि नवं-जुनं एकजीव होतं, सांधा शोधावा लागतो. तोच ब्रश मार्जिन आखूड पडलं तर, कॉन्टॅक्ट (शेजारच्या दाताला टेकायची जागा) उघडा राहिला तर, ऐनवेळी प्रेप, म्हणजे दाताचं कोरकाम, थोडं बदललं तर. बिस-अ‍ॅक्रिलमध्ये यातल्या प्रत्येक गोष्टीला "नवीनच करू" हे उत्तर होतं आणि दिवसाच्या शेवटच्या पेशंटला ते उत्तर फार जड जातं.

दिसण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी गनच जिंकते, शेड जास्त, थोडी पारदर्शक झाक येते, समोरच्या दातांना पेशंट खूष होऊन जातो. पावडरच्या शेड मोजक्या आणि जरा सपाट, खडूसारख्या, मानेकडे गडद पावडर चिमूटभर मिसळून मी भागवतो. पण सहा आठवड्यांनंतरचा फोटो काढून बघा. बिस-अ‍ॅक्रिलच्या वर तो चिकट थर राहतो ना, तो स्पिरिटने पुसला की झालं असं वाटतं, पण जिथे पॉलिशचं चाक पोचलं नाही, म्हणजे एम्ब्रेजरमध्ये, दोन दातांमधल्या खाचेत, तिथे चहा-कॉफीची पिवळी रेघ धरते आणि ती मग कशानेही जात नाही. नीट प्युमिस मारून बफ केलेलं पीएमएमए माझ्या बघण्यात तरी रंग जास्त दिवस सांभाळतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पॉलिश कोण करतं यावर बरंच आहे.

आता पावडरचे दोष, कारण ते आहेत आणि छोटे नाहीत. मोनोमर आकसतो, नुसता असेल तर २१ टक्के, पावडरीत कालवल्यावर साधारण ७, म्हणून एकदाच भरून मार्जिन बसेल ही आशा सोडा, रीलाइन, म्हणजे आतून परत माल भरून बसवणं, धरूनच चाला. आणि ते तापतं. १९६५ सालचा माकडांच्या दातांवरचा तो प्रयोग आठवत असेल, पल्पचं (दाताच्या आतल्या जिवंत गराचं) तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढवलं तर १५ टक्के पल्प परत सावरले नाहीत. त्यामुळे रबरासारखं झालं की लगेच काढायचं, परत बसवायचं, परत काढायचं, वरून पाणी, आणि शेवटचं घट्ट होणं तोंडाबाहेर. हे काढ-घाल करायला कंटाळा करणाऱ्याने पावडर घेऊ नये, खरंच. टेम्पररी अंडरकटमध्ये (दाताच्या आत वळलेल्या खोबणीत) अडकून घट्ट झाली तर जी धावपळ होते ती कुणावर येऊ नये. प्रेशर पॉट (हवेच्या दाबाखाली अ‍ॅक्रिल घट्ट करायचं भांडं) असेल तर कोमट पाण्यात २० पीएसआयला दहा मिनिटं ठेवा, छिद्रं बरीच कमी होतात.

मिल केलेल्या, म्हणजे तयार डिस्कमधून मशीनने कोरून काढलेल्या पीएमएमएबद्दलही त्या ज्युनिअरने विचारलं होतं. डिस्क कारखान्यात दाबाखाली पक्की झालेली असते, त्यामुळे ताकदीत वरच्या दोघांनाही मागे टाकते, पूर्ण तोंडाचं काम असेल आणि सहा महिने काढायचे असतील तर मी लॅबला तेच सांगतो. पण स्कॅनर आणि मिल स्वतःची नसेल तर दात कोरला त्याच दिवशी पेशंटला काय घालून पाठवणार, हा प्रश्न राहतोच. थ्रीडी प्रिंट केलेल्या टेम्पररी मी थोड्याच वापरल्या आहेत, प्रिंटनंतरचं धुणं आणि पोस्ट-क्युअर (प्रकाशाने पक्कं करणं) यात कुणी घाई केली की फरक दिसतो एवढंच म्हणेन.

काहीही घ्या, दोन गोष्टी सारख्याच लागू. कनेक्टर सुंदर करायच्या नादात कोरून बारीक करू नका, टेम्पररीत ते जाडच ठेवा, हिरडीकडून ब्रश जाईल एवढी जागा पुरे. आणि सिमेंट युजेनॉल नसलेलं वापरा, युजेनॉलने आतून रेझिन मऊ पडतं आणि मग रीलाइन करायला गेलात की नवा माल तिथे नीट घट्ट होत नाही.

तर मित्रा, गन घे, सिंगलसाठी रोज लागेल. पण एक छोटी बाटली, एक डॅपन डिश (माल कालवायची छोटी काचेची वाटी) आणि एक बरा ब्रश खालच्या ड्रॉवरमध्ये ठेव. वासावरून रिसेप्शनवरची मुलगी कटकट करेल, आमची अजून करते, मी पंखा लावतो.