वजन घटवण्याची शस्त्रक्रिया: पुण्यातील एका केंद्राचा दीड वर्षाचा अनुभव

दीड वर्षापूर्वी पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या स्थूलता विभागात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते अरुंद करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझे वजन ११८ किलो होते. १६० सेंटिमीटर उंचीला ते ४६ बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन किती, याचा निर्देशांक) भरते. जोडीला मधुमेह होता आणि झोपेत श्वास अडकत असे. आज वजन ७९ किलो आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही. अशा कोणत्याही केंद्रात जाणाऱ्याने काय पाहावे, हे मात्र यातून कळू शकेल.

शस्त्रक्रियेच्या भागाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढला जातो, तो परत बसवता येत नाही, आणि भुकेची जाणीव करून देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होत असल्याने सुरुवातीचे काही महिने भूक जवळजवळ लागत नाही, हे सर्जनांनी कागदावर आकृती काढून समजावले. आधी दोन आठवडे यकृत आकसावे म्हणून कमी उष्मांकाचा आहार दिला. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली आणि त्याच संध्याकाळी पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून परिचारिकेने मला मार्गिकेत चालवले. तिसऱ्या दिवशी मी घरी होते.

खरी परीक्षा घरी सुरू झाली, आणि तिथे या केंद्राच्या आहारतज्ज्ञ बाईंचे महत्त्व कळले. रुग्णालयाच्या छापील तक्त्यात ब्रोकोलीचे सूप आणि कसल्या कसल्या स्मूदी होत्या. बाईंनी तो बाजूला सारून विचारले, "तुमच्या घरात रोज काय शिजतं ते सांगा." मग त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरा तक्ता लिहिला: पहिले दोन आठवडे मुगाचे गाळलेले कढण, पातळ ताक, नारळपाणी आणि प्रथिनांची पावडर, त्यानंतर घोटलेले वरण, मऊ पनीर, अंडे, पुढे उसळ आधी, मग चतकोर भाकरी आणि जागा उरलीच तर भात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने, प्रत्येक घास चावून चावून, आणि जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी नाही. पहिल्या आठवड्यांत आमटीच्या छोट्या वाटीतले कढण संपवायला मला पाऊण तास लागे. घाईने दोन घोट घेतले की छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखे दुखे.

सासूबाईंना हे पाहवत नसे. "अगं, एवढ्याशा खाण्यावर माणूस जगतो का?" असे म्हणत त्या हळूच तुपाची धार सोडत. त्यांचे प्रेम मला कळत होते, पण पहिला महिना आमच्या घरात जो ताण राहिला तो त्यामुळेच. केंद्राने शस्त्रक्रियेपूर्वी माझे मानसिक समुपदेशन केले. स्वयंपाकघर ज्यांच्या हाती आहे त्यांना मात्र एकदाही बोलावले नाही. शेवटी मीच सासूबाईंना दुसऱ्या महिन्याच्या तपासणीला घेऊन गेले. बाईंनी त्यांना तक्ता वाचून दाखवला, आणि तेव्हापासून माझ्या उसळीचे माप त्याच सांभाळतात.

माझी दुसरी तक्रार पैशांची आहे. 'सर्वसमावेशक' म्हणून सांगितलेल्या रकमेत जठर शिवण्याच्या स्टेपलरच्या जादा काडतुसांचा खर्च धरलेला नव्हता, हे आम्हाला घरी सोडण्याच्या दिवशी कळले. तेव्हा अंदाजपत्रक बाबवार लेखी घ्यावे. विम्याच्या सर्वसाधारण अटींनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा किमान ३५ आणि सोबत गंभीर सहव्याधी असावी लागते. माझा दावा मंजूर झाला, पण हा वाढीव खर्च आमच्याच खिशातून गेला. शिवाय चौथ्या महिन्यात केस पुंजक्यांनी गळू लागले. असे होते आणि बहुधा थांबते, हे आधी कोणी सांगितले असते तर मी दोन रात्री जागले नसते. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्यांचाही खर्च धरून चालावे.

आता घरातल्या बदलाविषयी. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मुले आणि त्यांचे बाबा चढत आणि पायथ्याशी पिशव्या सांभाळत बसण्याचे काम ठरल्याप्रमाणे माझ्याकडे येई. सातव्या महिन्यात मी दोनदा थांबून वर गेले. धाकटा मात्र पायथ्यालाच सवयीने पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन पुढे पळाला होता. गणपतीत प्रथमच मांडी घालून पंगतीत बसले. श्वास अडकू नये म्हणून रात्री यंत्र लावून झोपणे डॉक्टरांच्या तपासणीनंतर बंद झाले, त्यामुळे थोरली पुन्हा माझ्या खोलीत झोपू लागली. मधुमेहाची एक गोळी अजून चालू आहे, आणि जेवून लगेच आडवे झाले की आम्लपित्त घशाशी येते. स्लीव्हनंतर हा त्रास बऱ्याच जणांना होतो, म्हणून ज्यांना तो आधीपासूनच आहे त्यांनी जठराच्या बायपासचा, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा पर्याय नीट विचारून घ्यावा.

सर्जनांना मी पाचपैकी पाच तारे देईन, हिशेब विभागाला दोन, आणि आहारतज्ज्ञ बाईंसाठी मोजपट्टीच वाढवावी लागेल. पुढची रक्ततपासणी जूनमध्ये आहे. त्याआधी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढायचा बेत आहे. वर पिठलं-भाकरी खाल्ल्यावर अर्धा तास पाणी चालणार नाही, म्हणून देवटाक्याचे पाणी आधी प्यायचे, असे मुलांनी आत्ताच ठरवून टाकले आहे.